‘ग्रूमिंग’ म्हणजे नेमकं काय? जाहिरातीत एक अर्थ, बातमीत दुसरा

‘ग्रूमिंग’ हा शब्द आता मराठी मजकुरात सर्रास येतो. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत ‘मेन्स ग्रूमिंग’ असतं. मुलाखतीच्या तयारीवरच्या लेखात ‘पर्सनल ग्रूमिंग’ असतं. आणि गुन्ह्याच्या बातमीत ‘अल्पवयीन मुलीचं ऑनलाइन ग्रूमिंग’ असतं. पहिले दोन अर्थ ज्याला ठाऊक आहेत, तो तिसऱ्या ठिकाणी अडखळतो. मुलीला कुणी नटायला शिकवलं, यात गुन्हा कसला? बातमी लिहिणाऱ्याने अर्थ दिलेला नसतो, वाचणारा विचारत नाही, आणि एका गंभीर गोष्टीचं गांभीर्यच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

शब्द एकच आहे आणि त्याचे हे अर्थ योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. शब्दाचा प्रवास पाहिला की त्यांना जोडणारा धागा दिसतो. तो धागा जवळिकीचा आहे. कुणीतरी दुसऱ्याच्या अगदी जवळ जातो, धीराने त्याची निगा राखतो, आणि तो दुसरा त्याला जवळ येऊ देतो.

आधी साधा अर्थ

ग्रूमिंग म्हणजे शरीराची नेटकी निगा. केस विंचरणं, नखं कापणं, दाढी राखली असेल तर ती आकारात ठेवणं, कपडे स्वच्छ आणि अंगाला नीट बसणारे असणं. यात आणि नटण्यात फरक आहे. नटताना आपण मूळ रूपावर काहीतरी चढवतो: दागिने, रंग, फुलं. ग्रूमिंगमध्ये नको ते काढून टाकायचं असतं, आणि उरलेलं निगुतीने राखायचं असतं. त्यामुळे एखादा माणूस अजिबात नटलेला नसताना ‘वेल-ग्रूम्ड’ असू शकतो, आणि भरपूर नटलेला माणूस तसा नसूही शकतो. मराठीत ‘टापटीप’ म्हणतो तो गुण याच्या बराच जवळ जातो.

फ्रेंच भाषेत अशा नेटक्या माणसाला ‘स्वान्ये’ म्हणतात. ते विशेषण ज्या क्रियापदापासून आलं, तेच क्रियापद रुग्णाची शुश्रूषा करण्यासाठीही वापरतात. म्हणजे तिथेही मुळाशी शोभा नाही, काळजी आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र काळजी घेणारा माणूस आहे, आणि तो हुद्द्याने चाकर आहे.

शब्द आला कुठून?

मध्ययुगीन इंग्रजीत, साधारण १३व्या शतकात, ‘ग्रोम’ असा शब्द आढळतो. अर्थ होता मुलगा, पोऱ्या. त्याच्याही मागचं मूळ अभ्यासकांना खात्रीने सापडलेलं नाही. ‘वाढणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं असावं, असा एक तर्क आहे. पण पुढची वाट स्पष्ट आहे. पोऱ्या म्हणजे हाताखालचा मुलगा, मग घरातला नोकर. मराठीत हॉटेलातल्या किंवा दुकानातल्या नोकराला वय न पाहता ‘पोऱ्या’ म्हटलं जायचं, तसाच हा बदल.

इंग्लंडच्या राजवाड्यात मग या चाकरांना कामागणिक हुद्दे मिळाले. दालनाचा ग्रूम, वस्त्रांचा ग्रूम असे. त्यात एक हुद्दा आज वाचताना विचित्र वाटतो: ‘ग्रूम ऑफ द स्टूल’. राजाच्या शौचाच्या आसनाची व्यवस्था पाहणारा आणि त्या वेळी राजापाशी हजर राहणारा सेवक. काम वरवर हलकं वाटेल, पण आठव्या हेन्रीच्या दरबारात ही जागा अत्यंत मानाची होती आणि तिच्यावर वजनदार उमराव नेमले जात. कारण सरळ आहे. राजा जिथे एकटा, बिनपोशाखाचा आणि बेसावध असतो, तिथे जाण्याची मुभा या एका माणसाला होती. राजाच्या खासगी खर्चाचा पैसाही त्याच्या हातून जायचा. राजापर्यंत अर्ज पोहोचवायचा असेल, तर लोक याच माणसाला गाठत.

ही जवळीक जिवावरही बेतू शकायची. सर हेन्री नॉरिस हा आठव्या हेन्रीचा असाच ग्रूम. राणी अ‍ॅन बुलिन हिच्याशी व्यभिचार केल्याच्या आरोपावरून मे १५३६ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. बहुतेक इतिहासकार हा आरोप खोटा मानतात.

शरीराची सेवा करणारा माणूस विश्वासात येतो, आणि विश्वासाबरोबर त्याच्या हाती सत्ता येते. शब्दाच्या पुढच्या सगळ्या अर्थांत ही गोष्ट कुठे ना कुठे दिसत राहते.

मग नवरदेवाला ‘ग्रूम’ का म्हणतात?

ही शंका हमखास येते, आणि उत्तर असं की तो ‘ग्रूम’ मुळात वेगळाच शब्द आहे. जुन्या इंग्रजीत वराला ‘ब्रिडगुमा’ म्हणत. ‘ब्रिड’ म्हणजे वधू, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. हा ‘गुमा’ लॅटिनमधल्या ‘होमो’चा, म्हणजे माणूस या शब्दाचा नातलग. पुढे ‘गुमा’ बोलण्यातून गेला. जोडशब्दाचा दुसरा भाग कुणालाच कळेनासा झाला, तेव्हा १६व्या शतकाच्या सुमारास लोकांनी त्या जागी कानाला जवळचा वाटणारा ‘ग्रूम’ बसवला. जर्मन आणि डच या बहिणींमध्ये ‘ग्रूम’मधला तो ‘र’ आजही नाही: तिथे वराला ‘ब्रॉयटिगाम’ आणि ‘ब्रौडेखोम’ म्हणतात. तेव्हा नवरदेव हा वधूचा चाकर नव्हे, आणि सजवलेला म्हणून ‘ग्रूम’ही नव्हे. केवळ उच्चाराच्या साम्यामुळे तो या घरात आला.

घोडा आणि खरारा

१७व्या शतकापर्यंत ‘ग्रूम’ शब्द एका विशिष्ट चाकराला चिकटत गेला: घोड्याची निगा राखणारा. मराठीत याला नेमका शब्द आहे, मोतद्दार. आणि मोतद्दाराच्या रोजच्या कामालाही नेमका शब्द आहे, खरारा. ज्या दातेरी साधनाने घोड्याचं अंग घासतात तोही खरारा आणि त्या घासण्यालाही खराराच म्हणतात.

हे काम कसं चालतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. घोड्याच्या मागून अचानक जायचं नाही. खांद्याच्या बाजूने, आधी आवाज देत जायचं. पहिल्यांदा खरारा गोल गोल फिरवून वाळलेला चिखल आणि मेलेले केस सुटे करायचे. चेहऱ्यावर आणि पायांच्या हाडांवर तो चालवायचा नाही, तिथे मांस कमी असतं आणि दुखतं. मग राठ ब्रशने ती घाण झटकायची. मग मऊ ब्रश, केसांच्या वळणाने. शेवटी एकेक पाय उचलून खुरात अडकलेले खडे आकडीने काढायचे. हे करताना मोतद्दाराचा हात घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो, त्यामुळे कुठे गोचीड आहे, कुठे सूज आहे, कुठला सांधा गरम लागतो, हे त्यालाच सगळ्यांत आधी कळतं. चकाकी हा या कामाचा दिसणारा भाग. खरी कमाई अशी की आपलं शरीर या माणसाच्या हाती सुरक्षित आहे, हे घोडा शिकतो. मागच्या पायाची लाथ माणसाचा जीव घेऊ शकते, तो पाय तो उचलून देतो.

घोडे एकमेकांनाही असंच करतात. दोघे उलटसुलट उभे राहून एकमेकांच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात. याच जागी माणसाने हाताने खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलं गेलं.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. इंग्रजीत खुशामत करून मर्जी संपादन करण्याला ‘करी फेव्हर’ म्हणतात. या ‘करी’चा जेवणातल्या करीशी संबंध नाही, घोड्याला खरारा करणे हा त्याचा अर्थ. आणि ‘फेव्हर’ हा मुळात ‘फॉव्हेल’ होता. १४व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच उपहासकाव्यातला हा पिंगट घोडा म्हणजे कपटाचं मूर्त रूप. त्याच्या नावातली अक्षरंच खुशामत, लोभ, मत्सर अशा दुर्गुणांची आद्याक्षरं आहेत. राजेरजवाडे आणि धर्मगुरू त्याला खरारा करायला रांग लावतात. म्हणजे निगा राखण्याच्या क्रियेत लबाडीही लपू शकते, हे युरोपातल्या लोकांनी सातशे वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. ‘ग्रूमिंग’ला वाईट अर्थ आत्ता चिकटला असं आपण समजतो, पण तशी शक्यता त्या कृतीतच होती.

घोड्यावरून माणसावर

‘ग्रूम’ हे क्रियापद म्हणून रुळलं ते १९व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तेही घोड्यापुरतं. त्याच शतकाच्या मध्याच्या आसपास ते माणसांसाठी वापरलं जाऊ लागलं. उत्तम राखलेल्या, अंग चकाकणाऱ्या घोड्याचं विशेषण उत्तम राखलेल्या माणसाला लागलं.

इथे एक आक्षेप येईल. ग्रूमिंग दुसऱ्याने करायची गोष्ट असेल, तर आपण आरशासमोर उभं राहून करतो ते काय? प्रश्न रास्त आहे. स्वतःची निगा स्वतः राखणं माणूस फार पूर्वीपासून करतो. या शब्दाने तिला नाव दिलं ते मात्र उशिरा, चाकर आणि घोडा या जोडीवरून. आणि आजही या निगेचा मोठा भाग दुसऱ्याच्याच हाती असतो. डोळे मिटून, मान मागे टाकून, धारदार वस्तरा धरलेल्या माणसासमोर आपण निवांत बसतो. एरवी ओळखपाळख नसलेल्या माणसाला आपण इतकं जवळ येऊ देत नाही.

माकडांचं ‘केस बघणं’

प्राणिशास्त्रात ग्रूमिंग म्हणजे प्राण्याने अंग चाटणं, पिसं साफ करणं, केसांतली घाण आणि परजीवी काढणं. पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने पिसांना लावतात. मांजराच्या जिभेवर आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. हे झालं स्वतःचं स्वतः.

माकडं मात्र तासन्‌तास एकमेकांचे केस निवडत बसतात. नुसत्या स्वच्छतेला इतका वेळ लागत नाही. गेलाडा नावाची माकडं दिवसातला जवळपास पाचवा हिस्सा यात घालवू शकतात. एवढा वेळ खाण्यातून आणि झोपेतून काढायचा, तर त्याचा काहीतरी मोबदला हवा.

तो मोबदला केनियातल्या अंबोसेली इथे रॉबर्ट सेफार्थ आणि डोरोथी चेनी यांनी एका सुंदर प्रयोगातून दाखवला. तिथली व्हर्व्हेट माकडं भांडणात मदत हवी असली की एक विशिष्ट आवाज काढतात. संशोधकांनी तो आवाज ध्वनिमुद्रित केला आणि झुडपात लपवलेल्या स्पीकरवरून वाजवला. ज्या माकडाचा तो आवाज होता, त्याने थोड्या वेळापूर्वी ऐकणाऱ्याचे केस निवडले असतील, तर ऐकणारं माकड स्पीकरच्या दिशेने जास्त वेळ बघत राहायचं. निवडले नसतील, तर थोडं बघून सोडून द्यायचं. हा फरक नात्यात नसलेल्या माकडांमध्ये दिसला. सख्ख्या नात्यात केस निवडले काय, न निवडले काय, सारखंच. हे निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाले. रक्ताचं नातं नसेल, तिथे नातं जोडायचं काम ही निगा करते.

शरीरातही याची खूण सापडते. केस निवडून घेताना माकडांच्या मेंदूत एंडॉर्फिन नावाची, वेदना शमवून बरं वाटायला लावणारी द्रव्यं वाढतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी यावरून एक मोठं अनुमान मांडलं. माणसांचे गट इतके मोठे झाले की प्रत्येकाचे केस निवडायला दिवस पुरेना. तेव्हा एकाच वेळी अनेकांना जवळ ठेवणारं साधन म्हणून गप्पा आल्या, आणि भाषेचा उगम तिथे आहे. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. भाषा कशी सुरू झाली याचं उत्तर म्हणून मलाही ते अपुरं वाटतं. पण उगीच मारलेल्या गप्पांनी माणसं जवळ येतात, ही त्यातली गोष्ट ज्याने त्याने अनुभवलेली असते.

‘तयार करणे’ हा अर्थ

१८८०च्या दशकात अमेरिकेत हा शब्द राजकारणात आला. निवडणुकीसाठी उमेदवार ‘ग्रूम’ करणं. मागे शर्यतीच्या घोड्याचं चित्र आहे: महिनोन्‌महिने निगा राखून त्याला एका दिवसासाठी सज्ज करायचं. आज कंपनीचा पुढचा प्रमुख, संघाचा पुढचा कर्णधार यांच्याबाबत हेच क्रियापद वापरतात.

मराठीत यासाठी ‘मशागत’ हा शब्द चपखल आहे. पेरणीआधी जमीन नांगरून, ढेकळं फोडून, तण काढून भुसभुशीत करायची, म्हणजे पुढे जे पेरू ते रुजेल. मशागत करणारा मन लावून राबतो, पण जमिनीत काय पेरायचं हे जमीन ठरवत नाही. धान्य पेरणाऱ्यालाही मशागत करावी लागते आणि विषारी रोप लावणाऱ्यालाही.

बातमीतलं ‘ग्रूमिंग’

१९८०च्या दशकात मुलांच्या लैंगिक शोषणाचा तपास आणि अभ्यास करणाऱ्यांनी हा शब्द एका नव्या अर्थाने वापरायला सुरुवात केली. त्यांना पुन्हा पुन्हा दिसत होतं की शोषण करणारा बहुतेक वेळा झडप घालत नाही. तो आधी मुलाच्या जवळ येतो. खेळ, शिकवणी, गेम, गाणं, अशा मुलाच्या आवडीच्या वाटेने येतो. त्याचं कौतुक करतो, भेटी देतो, घरात कुणी ऐकत नाही अशा तक्रारी ऐकून घेतो. पुष्कळदा आईवडिलांचाही विश्वास मिळवतो, अडीनडीला धावून येतो. मग हळूच एखादं छोटं गुपित तयार होतं: ‘हे घरी सांगू नकोस, ते रागावतील.’ त्यानंतर बोलण्यात एखादा चावट विनोद, एखादा फोटो, एखादा ‘सहज’ स्पर्श. दरवेळी पाऊल इतकं लहान की आदल्या पावलापेक्षा फार वेगळं वाटत नाही. मुलाला जेव्हा भीती वाटू लागते, तेव्हा त्याला वाटतं की आपणही यात सामील होतो, आता सांगायचं कुणाला?

या सगळ्या पूर्वतयारीला ग्रूमिंग म्हणतात. शोषण त्यानंतर होतं. इंटरनेटमुळे यातला प्रवेशाचा अडथळा गेला. खोटं वय आणि खोटा चेहरा घेऊन हे संभाषण मुलाच्या खोलीतच चालतं, शेजारच्या खोलीत आईवडील असताना.

कायद्यापुढे यामुळे अडचण उभी राहिली, कारण वरच्या प्रसंगात सुरुवातीची एकही कृती एकटी पाहिली तर गुन्हा नाही. म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३च्या लैंगिक गुन्हे कायद्यात वेगळं कलम आलं: १६ वर्षांखालच्या मुलाशी संपर्क साधून, पुढे शोषणाच्या हेतूने त्याला भेटणं किंवा भेटायला निघणं हाच गुन्हा. आधी किमान दोनदा संपर्क झालेला असावा अशी अट होती. २०१५ मध्ये ती एकदावर आणली. युरोप परिषदेच्या, २००७ मध्ये स्पेनच्या लान्झारोते बेटावर सह्यांसाठी खुल्या झालेल्या करारातही अशा ऑनलाइन जाळ्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

मग मुलांवर माया करणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यायचा का?

नाही. खाऊ देणारा काका आणि जीव लावणारी शिक्षिका यांची मुलांना गरज असते. फरक ओळखायची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे गुप्तता. खरी माया इतरांसमोर चालते, तिच्याबद्दल घरी बोलता येतं, आणि ती मुलाला इतर माणसांपासून तोडत नाही. ग्रूमिंग करणाऱ्याला मूल एकटं हवं असतं. ‘तुला फक्त मीच समजतो’ हे वाक्य, आणि त्याला जोडून ‘कुणाला सांगू नकोस’ हे वाक्य, अशी जोडी दिसली की थांबून चौकशी करायलाच हवी.

‘पण मुलगी स्वतःहून बोलत होती, स्वतःहून गेली’ असंही म्हटलं जातं. हे विधान ग्रूमिंग म्हणजे काय हेच विसरतं. मुलाने स्वतःहून जावं, हाच तर त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू असतो. त्या ‘स्वतःहून’चा दोष मुलाच्या माथी मारणं म्हणजे गुन्हेगाराचं काम पुरं करणं.

आणि हा माणूस अनोळखीच असतो असंही नाही. पुष्कळ प्रकरणांत तो मुलाच्या ओळखीचा, घरच्यांच्या विश्वासातला असतो. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढीच शिकवण म्हणून अपुरी पडते.

आपल्याकडे ‘फूस लावणे’ आहेच की

आहे, आणि बातम्यांत ‘फूस लावून पळवून नेलं’ हे नेहमी येतं. पण फूस थोड्या वेळात लावता येते. ग्रूमिंगला आठवडे, महिने लागतात. ‘आमिष दाखवणे’ यात वस्तू असते, नातं नसतं. मला ‘कपटाने लळा लावणे’ हे सर्वांत जवळचं वाटतं. लळा एका दिवसात लागत नाही, तो सहवासाने लागतो, आणि ज्याला लागतो त्याचं मन खरंच गुंतलेलं असतं. मुलाची त्या माणसावरची माया खोटी नसते. म्हणूनच शोषण उघडकीला आल्यावरही काही मुलं त्याची बाजू घेतात, आणि घरच्यांना ते कोडं पडतं.

हा शब्द चांगल्या अर्थाने वापरायचाच नाही का?

काही क्षेत्रांनी तो सोडला आहे. सॉफ्टवेअर बनवणारे संघ पुढच्या कामांची यादी वेळोवेळी साफसूफ करतात, त्याला ‘बॅकलॉग ग्रूमिंग’ म्हणत. स्क्रम या कार्यपद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत २०१३ साली त्या जागी ‘रिफाइनमेंट’ हा शब्द घातला गेला. वाईट अर्थाची सावली नको, हे त्याचं सहसा दिलं जाणारं कारण. बोलण्यात मात्र जुना शब्द अनेक ठिकाणी अजून चालतो. कुत्र्यामांजरांचे केस कापणारे, घोडे राखणारे, प्राण्यांचा अभ्यास करणारे यांना तो सोडायचं काही कारण नाही. तिथे कोण कुणाची कसली निगा राखतो हे आजूबाजूच्या शब्दांवरून लगेच कळतं.

लहान मुलांच्या बातमीत ते कळत नाही. तिथे नुसतं ‘ग्रूमिंग केलं’ असं लिहून वाक्य संपवू नये. ‘चार महिने मेसेज करून विश्वास संपादन केला, घरच्यांपासून लपवायला लावलं आणि मग भेटायला बोलावलं’ असं लिहावं. दोन ओळी जास्त लागतील, पण ती बातमी वाचणाऱ्या आईला किंवा वडिलांना आपल्या घरात काय शोधायचं ते कळेल.